कालवडीची वाढ आणि अमिनो ॲसिड: टॉनिकची बाटली आणायच्या आधी काय करायचं, क्रमाने

कालवड वाढत नाही, केस खरखरीत झालेत, दीड वर्ष झालं तरी माजावर नाही, मग दुकानातून अमिनो ॲसिडचं (प्रोटीन ज्या घटकांनी बनतं त्यांचं) लिक्विड आणायचं नाहीतर पेंड दुप्पट करायची, हे इतक्या गोठ्यांत चाललंय की एकदा सगळं सविस्तर लिहून काढायचं ठरवलं. दोन्हीत पैसा जातो आणि बऱ्याचदा वजनाचा काटा हलत नाही, कारण क्रमच उलटा असतो. जे शेवटी करायचं ते लोक सगळ्यात आधी करतात.

एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. कोंबडीला जे अमिनो ॲसिड चारलं ते तसंच आतड्यात पोचतं. गाय-म्हशीचं तसं नाही. आधी सगळं कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात जातं, तिथले जीवाणू चाऱ्यातल्या आणि पेंडीतल्या प्रोटीनचा मोठा भाग फोडून अमोनिया करतात, त्या अमोनियातून स्वतःचं शरीर बनवतात, आणि ते जीवाणू पुढे वाहत जाऊन आतड्यात पचतात. म्हणजे कालवडीला मिळणारी बरीचशी अमिनो ॲसिड ही तिच्याच पोटात तयार झालेली असतात. उरलेली येतात ती कोटीपोटात न फुटता पुढे सरकलेल्या प्रोटीनमधून, ज्याला आपण बायपास प्रोटीन म्हणतो. त्यामुळे पहिलं काम जीवाणूंचं पोट भरणं, बायपासचा नंबर नंतर आणि बाटली सगळ्यात शेवटी.

या विषयावरचं बरंचसं संशोधन परदेशात मांसासाठी वाढवलेल्या गोऱ्ह्यांवर झालंय. आपल्याकडे तीच समज कालवडी आणि रेडकांना लागू पडते, कारण वाढीच्या वयात मांस आणि हाडं बनायची पद्धत तीच. खाली उदाहरण संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) कालवडीचं घेतलंय, गणितासाठी अमेरिकेतली बीफ कॅटलची पद्धत वापरलीय. देशी कालवड असेल तर रोजच्या वाढीची अपेक्षा कमी धरा, क्रम मात्र हाच.

आधीची तयारी

लागणार काय? शिंप्याकडचा टेप, पाच-दहा किलोचा साधा वजनकाटा, आणि एक वही. काटा यासाठी की "एक घमेलं पेंड" हे माप नाही. मक्याचा भरडा आणि गहू भुसा एकाच घमेल्यात भरून तोलून बघा, भुसा किती हलका भरतो ते लगेच कळेल, आणि आपण मात्र दोन्हीला "दोन घमेली" म्हणत असतो.

जंताचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच देऊन घ्या. पोटात जंत असताना रेशन सुधारणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. गोचीड-गोमाशाही याच वेळी बघा.

मग वहीत लिहा, आत्ता कालवड रोज नक्की काय खाते. वैरण किती किलो, हिरवं किती, खुराक किती, आणि गव्हाणीत उरतं किती. दोन-तीन दिवस तोलून लिहिलं तरी पुरे. बऱ्याच जणांना इथेच उत्तर सापडतं, कारण दुभत्या गायींचं उरलेलं कालवडीपुढे टाकायची पद्धत असते आणि तिच्या वाट्याला नुसते कडब्याचे बुडखे येतात.

टप्पा १: वजन काढा आणि लक्ष्य ठरवा

सकाळी चारा-पाण्याआधी जनावर सपाट जागेवर सरळ उभं करा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बसायच्या हाडापर्यंत लांबी घ्या, तीही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं वजन किलोत.

उदाहरणार्थ घेर ४८ इंच, लांबी ४२ इंच. ४८ × ४८ × ४२ = ९६,७६८, भागिले ६६० म्हणजे साधारण १४७ किलो. हा अंदाज आहे, काट्याइतका पक्का नाही, पण दर महिन्याला त्याच माणसाने त्याच पद्धतीने मोजलं तर फरक बरोबर कळतो. फरकच हवाय आपल्याला.

लक्ष्य असं की संकरित कालवड साधारण २५० किलोच्या पुढे गेली की भरवायला घ्यायची. जन्माचं वजन ३० किलो धरलं आणि पंधरा महिन्यांत २५० गाठायचं, तर रोज जवळपास ५०० ग्रॅम वाढ हवी. त्याच्या निम्म्याने वाढत असेल तर माज वर्षभर लांबतो, आणि ते वर्ष तुम्ही फुकट चारत असता.

तपासणी: टेप घट्ट ओढला की घेर कमी येतो आणि वजन बरंच खाली दाखवतं, कारण घेराचा वर्ग होतो. टेप अंगाला टेकेल इतकाच ओढा.

टप्पा २: वय बघा, कोटीपोट चालू झालंय का ते ठरवा

तीन महिन्यांच्या आतलं वासरू हे अजून पूर्ण रवंथ करणारं जनावर नसतं. दूध कोटीपोट चुकवून थेट चौथ्या पोटात जातं, त्यामुळे त्याला अमिनो ॲसिड तयार मिळावी लागतात आणि ती दुधातूनच मिळतात. या वयात दूध तोडून पेंडीचं पाणी पाजणं हे सगळ्यात महाग पडणारं वाचवणं आहे. चीक जन्मल्याबरोबर, पुढे दूध वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं तरी, आणि दुसऱ्या आठवड्यापासून तोंडापुढे थोडं काफ स्टार्टर (वासरांचं सुरुवातीचं कोरडं खाद्य) आणि स्वच्छ पाणी. स्टार्टरमध्ये प्रोटीन सोयाबीनचं असलेलं चांगलं. सरकी पेंड इतक्या लहान वासराला नको, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्याला सोसत नाही.

इशारा: सहा महिन्यांच्या आत युरिया असलेलं कुठलंही खाद्य देऊ नका. मोठ्या जनावरांची गोळीपेंड वासराला घालतात तेव्हा हेच होतं, पोत्यात युरिया आहे की नाही हे कोणी बघतच नाही.

खालचे टप्पे सहा महिन्यांपुढच्या, रवंथ नीट करणाऱ्या कालवडीसाठी आहेत.

टप्पा ३: गरज किती ते एकदा कागदावर मांडा

१५० किलोची कालवड, रोज ५०० ग्रॅम वाढ. ती वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडं खाद्य खाते, आपण ४ किलो धरू. कोरडं म्हणजे पाणी वजा करून. हिरव्या नेपियरच्या ५ किलोत जेमतेम १ किलो कोरडं असतं, हे विसरलं की सगळं गणित कोसळतं.

आतड्यात पचून अंगी लागणारं प्रोटीन तिला रोज साधारण २८० ग्रॅम हवं. त्यातले १६० च्या आसपास नुसतं जगण्यासाठी, उरलेले वाढीसाठी. म्हणजे तेवढं १६० ग्रॅमच मिळालं तर ती जगेल, चालेल, रवंथ करेल, पण वाढणार नाही. "खाते तर सगळं, पण अंगाला लागत नाही" अशी तक्रार असते ना, ती बऱ्याचदा हीच.

आता हे २८० येणार कुठून? जीवाणू किती तयार होतील हे पचणाऱ्या ऊर्जेवर अवलंबून असतं. खाद्यातून २.५ किलो पचनीय घटक मिळाले तर त्याच्या दहा ते तेरा टक्के जीवाणूंचं प्रोटीन बनतं, म्हणजे २५० ते ३२५ ग्रॅम. त्यातलं अंगी लागतं ६४ टक्के, म्हणजे १६० ते २०८ ग्रॅम. गरजेचा अर्ध्याहून जास्त भाग इथेच भागला, आणि तो भागला तो मका, भुसा आणि चांगल्या चाऱ्यातल्या ऊर्जेवर. राहिलेले ७० ते १२० ग्रॅम बायपासमधून आणायचे.

जीवाणूंचं प्रोटीन दर्जालाही चांगलं. त्यात लायसिन ८ टक्क्यांच्या आसपास आणि मेथिओनिन अडीच टक्क्यांच्या आसपास असतं, ही दोन्ही अमिनो ॲसिडच. नुसत्या मक्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन ३ टक्केसुद्धा धड नसतं. पोटातला कारखाना नीट चालवला तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेंडींपेक्षा चांगलं प्रोटीन घरच्या घरी मिळतं.

टप्पा ४: वैरण आणि ऊर्जा, मगच पेंड

जास्तीत जास्त चुका इथे होतात म्हणून जरा थांबून लिहितो.

चूक अशी: खाली नुसता कडबा किंवा गव्हाचं काड, आणि वरून किलोभर शेंगपेंड. शेंगपेंडीत प्रोटीन ४० टक्क्यांच्या वर, कागदावर सगळं झकास. पण शेंगपेंडीचं प्रोटीन कोटीपोटात पटकन फुटतं, अमोनियाचा लोंढा येतो, आणि जीवाणूंना त्या अमोनियातून शरीर बांधायला लागणारी ऊर्जा कडब्यात नसते. मग तो अमोनिया रक्तातून लिव्हरकडे, तिथून युरिया होऊन लघवीत. गोठ्यात सकाळी शिरल्यावर डोळ्यांना झोंबतं ना, त्यात पेंडीचा पैसाही असतो. उलट लिव्हरला हे काम करायला ऊर्जा लागते, ती कालवडीच्याच वाट्यातून जाते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी वैरण सुधारा, म्हणजे कुट्टी करून द्या, आणि कडब्यासोबत थोडं तरी हिरवं किंवा मुरघास असू द्या. मक्याचा मुरघास ऊर्जेला चांगला पण प्रोटीनला फक्त ८ टक्क्यांच्या आसपास, तो असेल तर लसूणघास जोडीला घाला. उसाचं वाडं फक्त पोट भरतं, कोल्हापूर-सांगलीकडे महिनोन्महिने एकट्या वाड्यावर कालवडी असतात आणि मग माज येत नाही म्हणून इंजेक्शनं होतात, ते थांबवा. दुसरं, मका किंवा ज्वारीचा भरडा खुराकात घाला. भरडा म्हणजे भरडाच, पीठ नको, पीठ झटकन आंबतं आणि पोट आम्लट होतं. अख्खा दाणा पण नको, शेणात तसाच पडतो.

तपासणी: शेण बघा. शेण कडक, थरावर थर, त्यात न पचलेल्या काड्या दिसतायत तर कोटीपोटात नायट्रोजन कमी आहे, जीवाणू उपाशी आहेत. शेण पातळ, पसरट आणि गोठ्यात अमोनियाचा वास, तर फुटणारं प्रोटीन जास्त आणि ऊर्जा कमी. जंत किंवा आजार नाही ना हे आधी बघून मगच हा निष्कर्ष काढायचा.

टप्पा ५: स्वस्त नायट्रोजन आणि गंधक

शेण कडक असेल तर महागडं बायपास आणू नका, जीवाणूंना साधं फुटणारं प्रोटीन द्या. सरकी पेंड, शेंगपेंड, तूर चुनी, लसूणघास, काहीही चालेल. नुसतं काड आणि कडबाच असेल तर युरिया प्रक्रिया हा जुना आणि खात्रीचा मार्ग: १०० किलो काडाला ४ किलो युरिया, ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून, हवा लागणार नाही असं प्लास्टिकने २१ दिवस झाकायचं. उघडल्यावर तास-दोन तास हवेत पसरून वास उडवायचा आणि हळूहळू सवय लावायची.

इशारे, तिन्ही नीट वाचा:
- युरिया पाण्यात विरघळवून कधीही पाजू नका. खुराकात वापरायचाच तर एक टक्क्याच्या वर नाही, आणि खडा राहता कामा नये.
- कच्चं सोयाबीन आणि युरिया एकत्र नको. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिया झटकन फोडणारं एन्झाइम असतं.
- युरिया खाल्ल्यावर जनावर थरथरायला लागलं, लाळ गळतेय, पोट फुगलंय, तर वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

आणि एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते, ती म्हणजे गंधक. मेथिओनिनमध्ये गंधक असतं. जीवाणूंना नायट्रोजन भरपूर दिला पण गंधक नाही दिलं तर ते मेथिओनिन बनवणार कशातून? दहा भाग नायट्रोजनला एक भाग गंधक असं साधारण प्रमाण धरतात. म्हणून युरिया वापरताय तर गंधक असलेलं मिनरल मिक्श्चर हवंच, थोडी मळी असेल तर अजून चांगलं.

पोत्यावरच्या आकड्याबद्दल पण इथेच सांगतो. "प्रोटीन २० टक्के" लिहिलेलं असतं ते क्रूड प्रोटीन, म्हणजे नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणलेलं. १ किलो युरिया या हिशेबात जवळपास २.८७ किलो प्रोटीन दाखवतो, आणि त्यात एकसुद्धा अमिनो ॲसिड नसतं. आकडा बघून दोन पोत्यांची तुलना करू नका, आत काय घातलंय ते विचारा.

टप्पा ६: आता बायपास आणि पेंडींची जोडी

वाढत्या गोऱ्ह्यांवरच्या प्रयोगांत अमिनो ॲसिड कोटीपोट चुकवून थेट चौथ्या पोटात सोडून बघितली गेली. मुख्यतः जीवाणूंच्याच प्रोटीनवर असलेल्या जनावरात पहिलं कमी पडतं ते मेथिओनिन. बायपास प्रोटीन जास्त करून मक्याचं असेल तर लायसिन आधी कमी पडतं. म्हणजे एकच पेंड धरून बसलात तर कुठेतरी अडतंच.

प्रत्येक १०० ग्रॅम प्रोटीनमागे साधारण हिशेब असा आहे. सोयाबीन डीओसीत (तेल काढून उरलेल्या पेंडीत) लायसिन ६ ग्रॅमच्या वर पण मेथिओनिन दीड ग्रॅमच्याही आत. तीळ पेंडीत उलटं, मेथिओनिन अडीचच्या पुढे आणि लायसिन तेवढंच. सूर्यफूल पेंड मेथिओनिनला बरी, लायसिनला मध्यम. शेंगपेंड दोन्हीत कमजोर. सरकी पेंडीत लायसिन ४ च्या आसपास. मोहरी पेंड दोन्हीत बऱ्यापैकी, पण चवीला उग्र म्हणून थोडीच घाला. यातून साधा नियम निघतो, सोयाबीन डीओसीला तीळ किंवा सूर्यफूल जोडा, आणि शेंगपेंडीला सोयाबीन जोडा.

घाण्याची, दाबून गरम होऊन निघालेली पेंड कोटीपोटात जरा हळू फुटते, त्यामुळे तिचा बायपास भाग जास्त. पण करपलेली पेंड घेऊ नका. काळपट तपकिरी, जळका वास, तोंडात घेतली तर कडवट, अशा पेंडीतलं लायसिन उष्णतेने साखरेशी बांधलं जाऊन निकामी झालेलं असतं. प्रयोगशाळेत प्रोटीनचा आकडा तोच येईल, जनावराच्या कामाचं मात्र उरत नाही. मूठभर पेंड हातावर घेऊन उजेडात बघायची सवय लावा, बुरशीपण तिथेच दिसते. बुरशी लागलेली शेंगपेंड किंवा मका कितीही स्वस्त मिळाला तरी नको, अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका असतो.

फॉर्मलीन लावून बायपास केलेली पेंड तयार मिळते, ती चालते. घरी फॉर्मलीन लावायच्या भानगडीत पडू नका, प्रमाण जास्त झालं तर प्रोटीन आतड्यातसुद्धा पचत नाही आणि लावणाऱ्याच्या डोळ्या-छातीला त्रास वेगळा.

आता त्या बाटलीबद्दल. साधं, आवरण नसलेलं लायसिन किंवा मेथिओनिन, पोल्ट्रीचं असो नाहीतर टॉनिकमधलं, रवंथ करणाऱ्या जनावराला पाजलं की त्यातलं बरंचसं कोटीपोटातच फुटतं. कोटीपोटात टिकणारं, आवरण दिलेलं असं वेगळं मिळतं, पण ते महाग, आणि रोज ५०० ग्रॅम वाढीच्या कालवडीला वरचे टप्पे नीट केले तर माझ्या मते त्याची गरज पडत नाही. त्या पैशात महिनाभराचं मिनरल मिक्श्चर आणि सोयाबीन डीओसी बसते.

टप्पा ७: मिसळा, तोला, घाला

१०० किलो खुराकाचं एक साधं मिश्रण: मका भरडा ४० किलो, गहू भुसा २२, सरकी पेंड २०, सोयाबीन डीओसी १५, मिनरल मिक्श्चर २, मीठ १. प्रोटीन १८ टक्क्यांच्या आसपास येतं. तीळ किंवा सूर्यफूल पेंड मिळत असेल तर सरकीतली ५ किलो कमी करून ती घाला.

१५० किलोच्या कालवडीला रोज २ किलो हा खुराक, ५ किलो हिरवं नेपियर, आणि सव्वा ते दीड किलो कडबा कुट्टी. कोरडं साधारण ४ किलो, क्रूड प्रोटीन पावणेपाचशे-पाचशे ग्रॅम, आणि जीवाणू अधिक बायपास धरून अंगी लागणारं जवळपास ३०० ग्रॅम. टप्पा ३ मधले २८० आठवा, बसतंय.

मिसळताना मिनरल आणि मीठ आधी ५ किलो भुशात कालवून घ्या, मगच ढिगात घाला, नाहीतर एका कालवडीला सगळं आणि दुसरीला काहीच नाही. खुराक दोन वेळात वाटून द्या. आधी थोडी वैरण, मग खुराक. नवीन मिश्रणाची सवय आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, जीवाणूंना बदलायला वेळ लागतो. रात्रभर भिजवून आंबवलेला खुराक द्यायची गरज नाही, देताना पाण्याचा हात मारला तरी पुरे. आणि पाणी दिवसभर पुढे हवं, दोन वेळा बादली दाखवून भागत नाही.

मोठ्या आणि लहान कालवडी एकाच गव्हाणीला असतील तर सगळी मेहनत वाया. जोरदार कालवड खुराक खाते, लहान बाजूला उभी राहते. मुक्त गोठ्यात वजनाप्रमाणे दोन कप्पे करा, निदान खुराकाच्या वेळी तरी बांधा.

टप्पा ८: महिन्याने टेप, आणि एका वेळी एकच बदल

तीस दिवसांनी परत टेप. १५ किलोच्या आसपास वाढ असेल तर आहे तसं चालू ठेवा, वजन वाढेल तसं खाद्य वाढवा. ७-८ किलोवर अडकलं असेल तर याच क्रमाने बघा: खरंच तेवढं खाल्लं का, गव्हाणीत उरतंय का, जंत, शेण कसं आहे, ऊर्जा कमी की नायट्रोजन कमी. हे सगळं ठीक असेल तरच बायपास पेंड पावशेर वाढवून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही आणि मग कायम दोन्हींचा खर्च करत बसावं लागतं.

उलटंही होतं. वाढ चांगली पण कालवड बसकी, शेपटीच्या मुळाशी चरबी, कासेत मऊ गोळे, म्हणजे ऊर्जा जास्त आणि प्रोटीन कमी. तेव्हा मका ५ किलो कमी करून सोयाबीन डीओसी ५ किलो वाढवा. भरायच्या आधीच्या वयात कासेत चरबी साठली तर पुढे दुधाला फटका बसतो, म्हणून नुसतं वजन बघू नका, टेप ठेवायच्या आधी पाठीच्या उंचीची पण नोंद करा.